यीस्टच्या घड्याळाने

सकाळी साडेसहा

डिसेंबरात माढ्याची सकाळ बोचरी असते. ३० अंश सेल्सिअसला आणि खायला भरपूर असेल तर बेकरीचं यीस्ट साधारण दीड तासात दुप्पट होतं. खोली तेरा-चौदा अंशांवर उतरली की हाच हिशेब कितीतरी लांबतो. म्हणून रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवलेल्या फ्लास्कमधलं थोडं यीस्ट ताज्या माध्यमात सोडायला मी कॉलेजची घंटा व्हायच्या आधीच येते. आत्ता सोडून इन्क्युबेटरमध्ये ठेवलं तर अकरापर्यंत तीनदा दुप्पट, म्हणजे आठपट. मला ते ऐन भरात हवं असतं. उशीर झाला की खाणं संपतं, पेशी सुस्तावतात, आणि दुपारी हाती येणारा आकडा मण्यांच्या गुणाचा की यीस्टच्या मरगळीचा, हे सांगता येत नाही.

मी इथे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. बी.एस्सी.च्या मुलांना एक प्रॅक्टिकल असतं: सोडियम अल्जिनेटच्या द्रावणात यीस्ट कालवायचं, सिरिंजने कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब-थेंब सोडायचं. थेंब पाण्यात पडताच घट्ट होतो, आणि आत जिवंत पेशी अडकलेला मणी तयार होतो. मुलं त्याला साबुदाणा म्हणतात. हाच साबुदाणा तीन मिलिमीटरऐवजी मिलिमीटरच्या चार-दशांशाचा आणि सगळा एका मापाचा करता येईल का, या नादात माझा आजचा दिवस जाणार आहे. मोठ्या प्रयोगशाळा याला मायक्रोफ्लुइडिक्स म्हणतात. आमच्याकडे त्याला ‘मॅडमची सुई’ म्हणतात.

सकाळी आठ

पाण्याचं काम. हे काम क्षुल्लक वाटतं, पण माढ्यात ते पहिलं आहे.

अल्जिनेट ही तपकिरी समुद्री शेवाळातून निघणारी लांबलचक साखळी. स्कॉटलंडमधल्या शेवाळावर काम करताना एडवर्ड स्टॅनफर्ड या रसायनतज्ज्ञाने ती वेगळी केली आणि १८८१ मध्ये पेटंट घेतलं. पाण्यात ती विरघळते, पण कॅल्शियम दिसला की शेजारच्या साखळीला त्याच्यामार्फत बांधून घेते. असे असंख्य सांधे झाले की द्रवाचं जाळं होतं. त्या जाळ्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असतं, तरी ते आकार सोडत नाही. याला हायड्रोजेल म्हणायचं. साखर, प्राणवायू, अल्कोहोल त्यातून ये-जा करतात. पेशी मात्र बाहेर पडू शकत नाही.

आता आमचं बोअरचं पाणी. काळ्या पाषाणातून झिरपून आलेलं, चहाच्या पातेल्याला पांढरा थर चढवणारं. त्यात कॅल्शियम आधीच आहे. अल्जिनेटची पूड त्यात टाकली तर ती विरघळायच्या आधीच स्वतःला बांधून घेते आणि चिकट गुठळ्या होतात. डिस्टिलेशनचा संच बंद असतो तेव्हा प्रयोगशाळेतले मामा कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून बॅटरीत घालायचं पाणी आणतात. गॅरेजवाला एकदा म्हणाला, “मॅडम, गाडी कोणती हाय तुमची? लई पाणी पिती.”

दोन टक्क्यांचं अल्जिनेट रात्रीच ढवळायला लावलेलं असतं. पूड एकदम ओतायची नाही, भुरभुरत सोडायची. निर्जंतुक करताना तर आणखी पंचाईत: कुकरमध्ये १२१ अंशांवर ठेवलं की जंतू मरतात, पण अल्जिनेटच्या साखळ्याही तुटतात आणि द्रावण पातळ होतं. पातळ झालं की थेंबाचा आकार बदलतो. म्हणून कुकरची वेळ रोज तीच ठेवायची. द्रावण नेहमी सारखंच पातळ झालं, तर त्याचा हिशेब धरता येतो.

साडेनऊ

तृतीय वर्षाचा तास. विषय अभ्यासक्रमातला, पण मी दहा मिनिटं इकडे वळवते, कारण दुपारी त्यांच्या हातात सिरिंज येणार आहे.

माँट्रियलच्या मॅगिल विद्यापीठातल्या थॉमस चँग यांनी १९६४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अर्धपारगम्य सूक्ष्मकोशांची कल्पना मांडली: पातळ पडद्याआड काम करणारी वस्तू ठेवायची, शरीराच्या रक्षक पेशींना ती दिसू द्यायची नाही. १९८० मध्ये त्याच नियतकालिकात लिम आणि सन यांनी उंदरांच्या स्वादुपिंडातली इन्सुलिन करणारी पेशीबेटं अल्जिनेटच्या मण्यांत बंद केली. मधुमेही उंदरांत ती सोडल्यावर त्यांची साखर दोन-तीन आठवडे ताब्यात राहिली. “पुढं काय झालं मॅडम?” हा प्रश्न दरवर्षी येतो. पुढे असं झालं की शरीर मण्याभोवती तंतूंचं वेष्टण विणतं, प्राणवायू आत पोचत नाही, आणि आतली पेशी गुदमरते. माणसांवरची सर्रास वापराची उपचारपद्धत अजून त्यातून आलेली नाही.

हे काम फक्त परदेशातलं नाही. पुण्यात गणेशखिंडीच्या विद्यापीठ आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तिथे डॉ. रमेश भोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० च्या सुमारास कायटोसान आणि पॉलिव्हिनिल पायरोलिडोन यांच्या हायड्रोजेलवर काम केलं. पेशीबेटांना शरीराच्या हल्ल्यापासून आडोसा म्हणून ते चालेल का, हे त्यांनी तपासलं. कायटोसान हे कोळंबी-खेकड्याच्या कवचातल्या कायटिनपासून करतात. माढ्यापासून समुद्र कितीतरी लांब. मुलांना शेवाळ आणि कोळंबी एकाच तासात ऐकायला मिळते तेव्हा ती जरा जागी होतात.

अकरा

आता खरं काम. यीस्ट अकराला तयार, मीही तयार असलंच पाहिजे.

यंत्र सांगते. मेडिकलमध्ये मिळणारी लहान बाळांसाठीची स्काल्प व्हेनची पारदर्शक नळी, आतून जेमतेम एक मिलिमीटर. तिच्यातून लिक्विड पॅराफिन वाहतं, त्यात थोडं स्पॅन ८० मिसळलेलं. नळीच्या भिंतीतून ३० नंबरची सुई आत टोचलेली आणि टोक नळीच्या मधोमध आणलेलं. बाहेरून एरल्डाइटने पक्कं केलेलं. सुईतून अल्जिनेट आणि यीस्ट येतं. तेल वाहताना सुईच्या टोकावर जमणाऱ्या थेंबाला ओढतं, पृष्ठताण त्याला धरून ठेवतो. थेंब वाढत जातो आणि एका क्षणी तेलाची ओढ जिंकते. थेंब सुटतो, आणि त्याच्या जागी लगेच दुसरा वाढू लागतो.

यात मला सर्वांत आवडतो तो प्रवाहाचा शिस्तशीरपणा. ओढ्याला पूर आला की पाणी भोवरे घेतं. एवढ्याशा नळीत दाट तेल इतक्या संथपणे जातं की रेनॉल्ड्स अंक एकाच्याही खाली असतो आणि भोवरा बनूच शकत नाही. त्यामुळेच हजारावा थेंब पहिल्यासारखाच निघतो. हाताने सिरिंज दाबली तर ते होत नाही. अंगठा कितीही सरावलेला असला तरी तो दमतो.

तेलाचा वेग वाढवला की थेंब लहान, कमी केला की मोठा. दोन्ही द्रवांना ढकलायला सिरिंज पंप लागतात आणि विकतचे पंप आमच्या अंदाजपत्रकात बसत नाहीत. अमेरिकेत मिशिगन टेक विद्यापीठातल्या गटाने २०१४ मध्ये सिरिंज पंपाचे आराखडे सर्वांसाठी खुले केले. आमचे पंप त्याच धर्तीचे: जुन्या प्रिंटरमधल्या स्टेपर मोटर, आटे पाडलेली सळई, एक आर्डुइनो. सळईचं काम कुर्डुवाडीतल्या एका लेथवाल्याने केलं. रेल्वेच्या वर्कशॉपमुळे त्या गावात मापात काम करणारे हात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्याने सुटा भाग हातात घेऊन विचारलं, “किती हललं पाहिजे?” म्हटलं, तासाला एक मिलिलिटर. तो म्हणाला, “मग हे हलतंय हे बघायला खुर्ची आणा.”

तासाला एक मिलिलिटर हे हास्यास्पद वाटतं, पण मण्यांत मोजून पाहा. ४०० मायक्रॉन व्यासाच्या थेंबाचं आकारमान सुमारे ३३ नॅनोलिटर. एका मिलिलिटरमध्ये असे तीसेक हजार थेंब, म्हणजे सेकंदाला आठ. मुलांच्या तीन मिलिमीटरच्या एका साबुदाण्यात हे चारशेहून अधिक मावतात.

मोठ्या प्रयोगशाळांत ही वाट नळीत नसते, चिपमध्ये असते. हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने १९९८ मध्ये सिलिकॉन रबरात अशा वाटा साच्यातून झटपट ओतायची पद्धत दाखवली आणि हा सगळा उद्योग फोफावला. तिथे थेंब पन्नास मायक्रॉनचे आणि सेकंदाला हजारो निघतात. मला हेवा वाटतो. पण दोन द्रवांची ओढाताण कशी चालते हे आमच्या नळीत नुसत्या भिंगाने दिसतं, आणि शिकवायला तेच जास्त उपयोगी.

पावणेबारा

वीज गेली. इन्व्हर्टर चढेपर्यंत मोटर क्षणभर थबकतात आणि थेंबांची रांग मोडते. मध्येच एखादा दुप्पट मोठा, मागोमाग दोन बारके. या वेळचे मणी मी वेगळ्या बाटलीत घेते. सूक्ष्मदर्शकाखाली ते लगेच ओळखू येतात, आणि ‘एकसारखा’ म्हणजे काय हे मुलांना त्यांच्यावरूनच कळतं.

सुई तुंबणं हा वेगळाच त्रास, आणि तो खडूमुळे होतो. त्याचं कारण पुढे.

दुपारी साडेबारा

थेंब झाला म्हणजे मणी झाला असं नाही. तेलातला थेंब अजून द्रवच आहे. तो थेट कॅल्शियम क्लोराइडमध्ये गेला तर बाहेरून झटकन कातडं धरतो, आत पातळ राहतो आणि पडताना शेपूट फुटते. म्हणून कॅल्शियम आतूनच द्यायचा. टोकियोतल्या टॅन आणि ताकेउची यांनी २००७ मध्ये पेशींसाठी असे एकसारखे मणी केले, तेव्हा अल्जिनेटमध्येच कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे खडूचे, बारीक कण मिसळले होते. कार्बोनेट पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे अल्जिनेटला कळतही नाही. थेंब झाल्यावर तेलात किंचित ॲसेटिक आम्ल सोडायचं. ते थेंबात शिरतं, खडू विरघळतो, कॅल्शियम सुटतो आणि मणी सर्व बाजूंनी एकदम घट्ट होतो.

आता घड्याळ खरं बोचायला लागतं. आम्ल असेपर्यंत पेशी आंबटात बसलेली. यीस्टला ते सोसतं, त्याची वाढच पीएच चार ते सहाच्या दरम्यान बरी होते. माणसाच्या पेशीला इतकं आम्ल मानवत नाही. हार्वर्डमधल्या डेव्हिड वाइट्झ यांच्या गटाने २०१५ मध्ये खडूऐवजी पाण्यात विरघळणारं कॅल्शियम-ईडीटीए वापरलं. कण नाहीत, त्यामुळे सुई तुंबत नाही आणि मणी आतून-बाहेरून सारखा. त्यांनी त्यात मूळपेशी ठेवल्या. तरी आम्लातून लवकर बाहेर काढायची घाई त्यांनाही चुकलेली नाही. या क्षेत्रातलं निम्मं संशोधन मला तरी याच एका प्रश्नाचं वाटतं: घट्ट व्हायला लागणारी वेळ आणि पेशीला सोसणारी वेळ यांत किती अंतर पाडता येईल.

माझ्याकडे काही मिनिटं असतात. डबा उघडलेला, पोळीचा घास हातात, आणि नजर स्टॉपवॉचवर. वेळ झाली की वरचं तेल काढायचं, खाली ट्वीनचा थेंब टाकलेलं कॅल्शियम क्लोराइड ओतायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये मंद फिरवायचं, पुन्हा धुवायचं. धुण्याच्या पाण्यात चुकूनही फॉस्फेट बफर नको. फॉस्फेट कॅल्शियमला ओढून नेतो आणि मणी डोळ्यांदेखत फुगून विरघळतात.

अडीच

प्रॅक्टिकल. मुलं सिरिंजने साबुदाणा पाडतात, मी माझे मणी काचपट्टीवर घेऊन रांगेने दाखवते. आज एका मुलीने नेमका प्रश्न विचारला: “मॅडम, प्रत्येक मण्यात सारख्याच पेशी कशा जातील?”

जात नाहीत. मिलिलिटरला दहा लाख पेशी असल्या तर माझ्या मण्यात सरासरी तेहेतीस येतात. कुठे पंचवीस, कुठे चाळीस. खरी गंमत एका मण्यात एकच पेशी हवी असते तेव्हा. द्रावण पातळ करून सरासरी एकवर आणली तरी ३७ टक्के मणी रिकामे, ३७ टक्क्यांत एक आणि उरलेल्या २६ टक्क्यांत दोन किंवा जास्त. पेशींना रांगेत उभं राहायला कुणी सांगितलेलं नसतं. दोन पेशींचे मणी टाळायचे तर सरासरी ०.१ पर्यंत उतरावी लागते आणि मग दहातले नऊ मणी रिकामे जातात. संख्याशास्त्राच्या तासाला पॉसाँ वितरण म्हणून झोपेत लिहिलेलं सूत्र इथे फळ्यावर आलं की मुलं मागून पुढे सरकतात.

दुसरा मुद्दा मी दरवेळी रेटते: लहान मणी हवाच कशाला? श्वासासाठी. जिवंत पेशींच्या दाटीत प्राणवायू शे-दोनशे मायक्रॉन आत जातो, पुढे तो वाटेतच संपतो. तीन मिलिमीटरच्या मण्यात केंद्र दीड मिलिमीटर आत. तिथे इन्सुलिनची पेशी ठेवली तर ती उपाशी आणि गुदमरलेली. ४०० मायक्रॉनच्या मण्यात केंद्रच दोनशेवर. यीस्टचं यात बरं आहे, प्राणवायू नसला तर ते आंबवण्यावर भागवतं. पण साखर आत आणि वायू बाहेर जायला त्यालाही अंतर कमीच हवं.

साडेचार

किती पेशी जगल्या?

साधी पद्धत म्हणजे मिथिलीन ब्लू. जिवंत पेशी त्या रंगाचा रंग घालवते, मेलेली निळी राहते. पण मणी तसाच रंगात बुडवला तर अख्खा मणीच निळा होतो, कारण अल्जिनेटवर ऋणभार आणि रंगावर धनभार. म्हणून आधी मणी सोडियम सायट्रेटमध्ये विरघळवायचे, पेशी मोकळ्या करायच्या, मग रंग द्यायचा आणि हिमोसायटोमीटरच्या चौकटीत मोजायच्या. ज्यांच्यासाठी सकाळपासून जाळं विणलं त्यांनाच सोडवून मोजायचं, असा हा उलटा कारभार.

आज बिनरंगी पेशी बऱ्याच, निळ्या थोड्या. वीज गेली तेव्हाच्या बाटलीत निळ्या जरा जास्त. माझा अंदाज असा की मोठ्या थेंबांना घट्ट व्हायला वेळ लागला आणि तेवढा वेळ ते आम्लात राहिले. एका दिवसाच्या मोजणीवरून मात्र मी हे वहीत निष्कर्ष म्हणून लिहीत नाही, पेन्सिलने लिहिते.

उरलेले मणी गुळाच्या पाण्यात सोडले आहेत. तोंडाला एअरलॉक, म्हणजे वायू फक्त बाहेर सोडणारं कुलूप, लावून फ्लास्क तोलला, आकडा टिपला.

संध्याकाळी सहा

उसाचा गळीत हंगाम चालू आहे. घरी जाताना ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉल्या वाढ्यांसकट रस्ता अडवून चाललेल्या असतात, त्यामुळे कृषी सेवा केंद्रासमोर थांबणं आलंच. तिथे ओळखीचे एक डाळिंबवाले भेटतात. वाडीकडच्या नात्याने मी त्यांना दाजी म्हणते. त्यांच्या हातात ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची बाटली.

“ह्ये तुमच्या साबुदाण्यात भरता येईल का? पत्र्याच्या दुकानात उन्हाळ्यात ह्यातलं काय जित्तं राहत असंल?”

प्रश्न रास्त आहे. पुढे मेक्सिकोत काम केलेल्या योआव बशान यांनी १९८६ मध्येच झाडाच्या वाढीला मदत करणारे जिवाणू अल्जिनेटच्या मण्यांत भरून, ते मातीत हळूहळू सुटतात हे मांडलं होतं. आपल्याकडे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात गणपती, सुप्रसन्न, बापट आणि राव यांनी १९९२ मध्ये केळीचे कोंबच अल्जिनेटमध्ये बंद करून त्यांपासून रोपं केली. टेंभुर्णी-कंदरच्या पट्ट्यात आज टिश्यू कल्चरच्या केळीचे मळेच्या मळे उभे आहेत. तिथे हे सांगितलं की लोकांना चटकन पटतं.

पण दाजींना माझी सुई उपयोगाची नाही, हे मी स्पष्ट सांगते. एक लिटर अल्जिनेट माझ्या यंत्रातून जायला हजार तास, म्हणजे न थांबता बेचाळीस दिवस. बागेला मणी मायक्रॉनच्या मापाचे असायची गरजच नाही. भोकांची थाळी, खाली कॅल्शियमची बादली, एवढं पुरतं. मग मणी सावलीत वाळवायचे, आणि वाळताना आतली बुरशी मरू नये म्हणून आधी स्टार्च किंवा दुधाची भुकटी मिसळायची. त्या वाळवण्यावर खरी मेहनत आहे. महागडं तंत्र जिथे एकेक पेशी मोलाची आहे तिथे वापरावं, बादलीच्या कामाला बादली. सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, बागेचं तिथे विचारा, असंही सांगितलं. दाजी म्हणाले, “म्हंजी तुमचं यंत्र नुसतं बघायचं.” सध्या तरी हो.

रात्री नऊ

घरी आत्या झोपायच्या तयारीत. “परत निघालीस व्हय गं? पोरं रडत्यात का काय तिथं?” असं म्हणून त्यांनी टॉर्च हातात दिला. पोरं रडत नाहीत, पण फ्लास्क तोलायचा आहे.

मणी तळाशी नाहीत, वर आलेत. आत तयार झालेला कर्बवायू बुडबुड्यांनी चिकटून त्यांना उचलतो. वर आले की बुडबुडा फुटतो, मणी खाली जातात, पुन्हा वर. फ्लास्कचं वजन घटलं आहे. ही घट म्हणजे उडून गेलेला कर्बवायू. १८० ग्रॅम ग्लुकोजमागे ८८ ग्रॅम वायू आणि ९२ ग्रॅम अल्कोहोल असा रसायनाचा हिशेब असतो. त्यावरून कुलूप न उघडता आत किती आंबलं ते काढता येतं. शेजारी मुलांच्या साबुदाण्याचा फ्लास्क आहे, तेवढंच यीस्ट, तेवढाच गूळ. त्याची घट कमी आहे. हे फ्लास्क मी सकाळी पुन्हा तोलीन, कारण फरक पहिल्या काही तासांचाच की टिकणारा, हे रात्रीनंतर कळेल.

वहीत उद्याचं: खडू आणखी बारीक खलायचा, मलमलीच्या दुहेरी घडीतून गाळायचा. ३० नंबरच्या सुया संपत आल्यात, मामांना सांगायचं. वीज जायच्या आधी संपावं म्हणून यीस्ट साडेसहाऐवजी साडेपाचला सोडायचं. त्यासाठी गेटची चावी आजच रखवालदाराकडून मागून ठेवली.